आनंदाचा तास आणि बाकीचे सात

इंदूरच्या सरवटे बसस्थानकावर उतरणाऱ्या किती जणांना हे सरवटे कोण ते ठाऊक असेल? विनायक सीताराम ऊर्फ तात्या सरवटे, संविधान सभेचे सदस्य. मला मात्र त्यांच्यापेक्षा त्यांची लेक अधिक महत्त्वाची वाटते. शालिनीताई मोघे. कराचीला माँटेसरी पद्धतीचे शिक्षण घेऊन आलेल्या या बाईंनी १९४७ साली इंदुरात बाल निकेतन संघ सुरू केला. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आज त्यांची आठवण व्हायला कारण आहे. मुलांना राग आवरणे, दुसऱ्याचे मन ओळखणे, भांडण मिटवणे शाळेने शिकवावे, असे आता सगळेच म्हणतात. मध्य प्रदेशाने २०१६ साली चक्क आनंद विभाग काढला. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ पासून आठवीपर्यंतच्या मुलांना रोज ४५ मिनिटांचा आनंदाचा तास सुरू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही हा विषय आला. हेतू चांगलाच आहे, वाद नाही.

पण माझी शंका साधी आहे. पहिल्या तासाला डोळे मिटून शांत बसायचे आणि दुसऱ्या तासाला गणित चुकले म्हणून साऱ्या वर्गासमोर मान खाली घालून उभे राहायचे! मुलाच्या लक्षात कुठला तास राहील?

माँटेसरी पद्धतीत यासाठी वेगळा तास नाही. वर्गात प्रत्येक साधनाचा एकच संच ठेवतात. दुसऱ्याचे काम होईपर्यंत थांबायचे, आपले झाले की जागच्या जागी ठेवायचे. लहानमोठी मुले एकाच खोलीत, म्हणून मोठे धाकट्याला सांभाळते. धीर आणि माया अशी रोजच्या कामातूनच अंगी येते. आणि मुख्य म्हणजे शिक्षकाने आधी स्वतःचा राग, स्वतःचा अहंकार तपासावा, असा माँटेसरीबाईंचा आग्रह होता. आपण नेमके तेवढेच गाळतो.

शिक्षक म्हणतील, मतदारयाद्या आम्ही करायच्या, माहितीचे तक्ते आम्ही भरायचे, आता हेही आमच्याच डोक्यावर? त्यांचे खरे आहे. म्हणूनच हे काम एकट्या वर्गशिक्षकाचे नव्हे. मुख्याध्यापक शिक्षकांशी कसे बोलतात, शिपायाला कोण कशी हाक मारतो, बसचा चालक रडणाऱ्या पोराला काय म्हणतो, हे सगळे मुले बघत असतात. त्यांचा खरा अभ्यासक्रम तोच.

आमच्या गोव्यातल्या खेड्यांत चार इयत्ता एकाच खोलीत बसवणाऱ्या मराठी प्राथमिक शाळा आहेत. पट घटला म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो. पण तिथे चौथीतली मुलगी पहिलीतल्या मुलाची पेन्सिल टोकरून देते, तेव्हा तो धडा कुठल्याही पुस्तकात नसतो. अशी शाळा बंद करताना पट मोजतात, हे कोण मोजतो?

आनंदाचा तास जरूर ठेवा. फक्त बाकीच्या सात तासांत तो पुसला जाणार नाही, एवढे पाहा.