चूक करण्याची मुभा

दिवसभराची कामे आटोपून प्रौढ विद्यार्थी संध्याकाळच्या वर्गात येऊन बसतात. कोणी गॅरेजमधून आलेला असतो, कोणी शिवणकामाच्या दुकानातून, कोणी घरचा स्वयंपाक उरकून. गणिताच्या तासाला हा वर्ग बोलका असतो. हिशोबात शिक्षकांची चूक झाली, तर ती दाखवून देण्यासही तो कचरत नाही. मात्र इंग्रजीचा तास सुरू झाला, की त्याच वर्गावर शांतता पसरते. शिक्षकांनी साधा प्रश्न विचारला तरी माना खाली जातात. ज्यांना उत्तर येत नाही ते गप्प राहतात. आणि ज्यांना येते तेही गप्पच राहतात.

इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला ही शांतता परिचयाची आहे. तिचा अर्थ बुद्धी कमी आहे असा नाही, इच्छा नाही असाही नाही. इच्छा नसती तर दिवसभर राबलेला माणूस वर्गात आलाच नसता. ही शांतता भीतीची असते. अनेकांची शाळा ज्या विषयांपायी सुटली, त्यांत इंग्रजी पुढे असते. चुकीच्या उच्चाराला वर्ग हसला होता, वहीवर लाल शाईच्या रेघा उमटल्या होत्या, आणि त्यानंतर पुन्हा तोंड उघडायचे नाही असे त्या मुलाने मनाशी ठरवले होते. वीस वर्षांनंतर वर्गात परतणारा माणूस तो निश्चय सोबत घेऊनच येतो. म्हणून इंग्रजीच्या शिक्षकाचे पहिले काम व्याकरण शिकवणे हे नाही. चूक करण्याची मुभा देणे, हे त्याचे पहिले काम आहे.

इंग्रजीला ‘वाघिणीचे दूध’ म्हणण्याची प्रथा मराठीत जुनी आहे. त्या उपमेतील कौतुक समजण्यासारखे आहे. आपल्या राज्यघटनेच्या 348व्या अनुच्छेदानुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीतून चालते. औषधाच्या वेष्टनावरील सूचना, नोकरीचे अर्ज, यंत्राची माहितीपत्रके यांत इंग्रजी पदोपदी भेटते. या भाषेवाचून माणसाचे अडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या उपमेचा एक दुष्परिणामही झाला. इंग्रजी म्हणजे काही असामान्य पराक्रम, ती ज्याला येते तो हुशार आणि न येणारा कमी प्रतीचा, अशी समजूत समाजात रुजली. वस्तुतः इंग्रजी हे एक कौशल्य आहे. सायकल चालवण्यासारखे किंवा पोहण्यासारखे. पडल्याशिवाय सायकल येत नाही आणि नाकातोंडात पाणी गेल्याशिवाय पोहणे येत नाही, हे सर्वांना मान्य असते. भाषेच्या बाबतीत मात्र पहिले वाक्य बिनचूकच निघाले पाहिजे, असा आग्रह धरला जातो.

या आग्रहातील विसंगती प्रौढ विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे ध्यानी येते. बंगळुरूला स्थायिक झालेले मराठी कुटुंब घरात मराठी बोलते, बाजारात कन्नड बोलू लागते आणि कन्नड अडले तेथे हिंदीचा आधार घेते. बडोद्यातील मराठी माणूस गुजरातीत सहज व्यवहार करतो. या भाषा त्याला कोणी तक्त्यांवरून शिकवलेल्या नसतात. भाजीवाल्याशी बोलताना त्याचे लिंग चुकले असेल, क्रियापद चुकले असेल; पण भाजी मिळाली, भाव ठरला, आणि बोलता बोलता भाषा सुधारली. भाजीवाल्याने त्याला उभे करून वर्गासमोर ते वाक्य दहा वेळा म्हणायला लावले नाही. जो माणूस अशा रीतीने दोन-तीन भाषा आत्मसात करतो, त्याला इंग्रजी येत नसेल, तर दोष त्याच्या बुद्धीचा कसा असेल? तो शिकवण्याच्या रीतीतच शोधायला हवा.

अनुभवी शिक्षक अशा वर्गात पहिल्या दिवशी पुस्तक उघडत नाहीत. ते विद्यार्थ्यांना एवढेच सांगतात की, आपल्या रोजच्या कामात जे इंग्रजी शब्द येतात ते सांगा. प्रारंभी कोणी बोलत नाही. मग गॅरेजमधला तरुण हळूच ‘ब्रेक’ म्हणतो. त्यापाठोपाठ गिअर, टायर, पंक्चर, क्लच येतात. शिवणकाम करणाऱ्या बाई ब्लाउज, कॉलर, फॉल, मशीन हे शब्द देतात. कोणी स्टेशन, तिकीट, पास, कोणी डॉक्टर, नर्स, ऑपरेशन सांगतो. फळा भरून जातो आणि लिहायला जागा उरत नाही. मराठीने पाव, बटाटा, चावी हे शब्द पोर्तुगीजांकडून घेतले आणि आपलेसे केले, हेही याच ओघात सांगता येते. ‘आपल्याला इंग्रजीचे अक्षरही येत नाही’ असे म्हणत आलेला वर्ग शंभरावर शब्द घेऊन घरी जातो. शिक्षकाने त्या दिवशी नवे काहीच शिकवलेले नसते. जे होते ते केवळ दाखवून दिलेले असते.

पुढील अडचण वाक्यांची असते. येथे विद्यार्थ्यांच्या चुकांकडे नीट पाहणे अगत्याचे ठरते, कारण त्या चुका सहसा अविचारातून होत नाहीत. मराठीत आपण ‘तो आला नाही’ म्हणतो. नकार आला तरी ‘आला’ हे भूतकाळाचे रूप कायम राहते. म्हणून मराठी विद्यार्थी ‘ही डिड नॉट केम’ असे वाक्य रचतो. इंग्रजीत भूतकाळाची खूण एकदा ‘डिड’वर पडली की मूळ क्रियापदावर ती पुन्हा पडत नाही, हा त्या भाषेचा निराळा नियम आहे. मराठीत ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ आणि ‘मला दोन भाऊ आहेत’ या दोन्ही वाक्यांत ‘असणे’ हेच क्रियापद काम करते. इंग्रजीला त्यासाठी ‘हॅव’ हे वेगळे क्रियापद लागते. ‘अ’, ‘अ‍ॅन’ आणि ‘द’ या उपपदांसारखी योजना मराठीत नाही. त्यामुळे ती वाक्यातून गळतात. क्रियापद शेवटी ठेवण्याची सवय असलेल्या माणसाला ते कर्त्यानंतर लगेच आणावे लागते. या सर्व चुकांमागे तर्क आहे. एका भाषेचे नियम दुसऱ्या भाषेला लावून पाहण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न आहे. शिक्षकाने हा तर्क ओळखला आणि विद्यार्थ्याला समजावून दिला, तर चूक लाजिरवाणी राहत नाही.

कधी अडचण व्याकरणाची नसते, संस्काराची असते. मराठीत तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. इंग्रजीत ‘यू’ हे एकच सर्वनाम सर्वांना चालते. वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला ‘यू’ म्हणताना प्रौढ विद्यार्थ्याची जीभ अडखळते. इंग्रजीत आदर सर्वनामातून व्यक्त होत नाही, तो ‘प्लीज’, ‘सर’, ‘मॅडम’, ‘मे आय’ अशा शब्दांतून व्यक्त होतो, हे समजले म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडतो.

भाषा कामातून येते, या विचाराचा एक महत्त्वाचा प्रयोग भारतातच झाला. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातील काही सर्वसाधारण शाळांमध्ये तो केला. बंगळूर येथील इंग्रजीची प्रादेशिक संस्था त्याचे केंद्र होती. या वर्गांत व्याकरणाचे धडे क्रमाने शिकवले जात नसत. विद्यार्थ्यांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, शहराचा नकाशा किंवा दिनदर्शिका ठेवली जाई आणि तिच्या आधारे सोडवायचा एखादा प्रश्न दिला जाई. अमुक गाडी चुकली तर पुढची कोणती, मध्ये किती वेळ थांबावे लागेल, असे ते प्रश्न असत. तशाच प्रकारचा एक प्रश्न शिक्षक आधी सर्व वर्गाबरोबर सोडवीत. मग विद्यार्थी स्वतः सोडवीत. मन अर्थ लावण्यात गुंतले असता भाषेची रूपे नकळत अंगवळणी पडतात, अशी प्रभू यांची धारणा होती. वर्गातील निदान निम्म्या मुलांना निदान निम्मे काम जमले, तर ते काम योग्य काठिण्याचे, असा त्यांचा ढोबळ निकष होता. या प्रयोगाची हकीकत त्यांनी 1987 साली पुस्तकरूपाने मांडली. त्याच्या मूल्यमापनात निष्कर्ष सर्वसाधारणपणे अनुकूल निघाले, तरी तुलनेतील त्रुटीही नोंदवल्या गेल्या. तथापि ‘कार्याधारित’ म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या अध्यापनपद्धतीत या प्रयोगाला मानाचे स्थान आहे.

प्रौढांच्या वर्गात ही रीत अधिकच शोभते, कारण त्यांच्यापुढील प्रश्न खरेच असतात. औषधाच्या बाटलीवरील मजकूर वाचून ते दिवसातून किती वेळा घ्यायचे हे ठरवणे, बँकेचा अर्ज भरणे, दूरध्वनीवरून आलेला निरोप टिपून घेणे, ही कामे वर्गात करता येतात. दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवावे. एकाच्या हाती पत्ता आणि नकाशा द्यावा, दुसऱ्याला प्रश्न विचारून वाट शोधायला सांगावी. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसते, म्हणून बोलण्याला कारण मिळते. प्रभू यांनी गटकार्यावर भर दिला नव्हता. विद्यार्थी परस्परांच्या चुका उचलतील अशी शंका त्यांना वाटे. परंतु प्रौढांच्या बाबतीत दुसरा विचारही करायला हवा. जो चाळीस जणांसमोर बोलत नाही, तो शेजाऱ्याशी बोलतो. लाजऱ्या माणसाला जोडीदाराचा तो आडोसा लागतोच.

इंग्रजीच्या तासाला इंग्रजीखेरीज दुसरा शब्द उच्चारायचा नाही, असा दंडक काही ठिकाणी असतो. या दंडकाने वर्ग इंग्रजी बोलत नाही. तो मुका होतो. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने बहुभाषिकतेकडे अडचण म्हणून न पाहता साधन म्हणून पाहिले, ते याच कारणाने. जो मुद्दा मराठीत दोन वाक्यांत उलगडतो, तो इंग्रजीत अर्धा तास समजावण्यात शहाणपण नाही. अर्थात सारा तास मराठीत भाषांतर करण्यात गेला, तर कानांवर इंग्रजी पडणारच नाही. मातृभाषा शिडीसारखी वापरावी. चढायला ती हवी, पण मुक्काम तिच्यावर करायचा नसतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. चुका चालवून घेतल्या तर त्यांची सवय जडेल. मोडके इंग्रजी बोलणारा माणूस मुलाखतीत मागे पडेल आणि परीक्षेत नापास होईल, असे आक्षेपकांचे म्हणणे असते. त्यात तथ्य आहे. मुभा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. प्रश्न चूक सुधारावी की नाही असा नसून केव्हा आणि कशी सुधारावी असा आहे. विद्यार्थी बोलत असताना त्याला अडवू नये. शिक्षकाने पुनःपुन्हा होणाऱ्या चुका टिपून ठेवाव्यात आणि तासाच्या शेवटची दहा मिनिटे कोणाचेही नाव न घेता त्यांवर खर्चावीत. बोलण्यात ढिलाई क्षम्य असली, तरी लेखी अर्जात ती क्षम्य नाही, हेही स्पष्ट सांगावे. शिवाय प्रौढ माणूस लहान मुलासारखा नुसत्या सवयीने शिकत नाही. तो ‘असे का?’ म्हणून विचारतो. त्याला नियम सांगितलाच पाहिजे. मात्र नियम आधी आणि बोलणे मागाहून, हा क्रम उलटा करायला हवा.

ही जबाबदारी एकट्या शिक्षकाची नाही. शेजारी चुकला की हसणारे सहाध्यायीही पूर्वी कोणाच्या तरी हसण्याने दुखावलेले असतात. ही आठवण त्यांनीच एकमेकांना करून द्यायची असते. घरी शाळकरी मुले आईच्या इंग्रजीला हसतात, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांना थांबवायचे असते. माणसाचा उच्चार ऐकून त्याची लायकी ठरवण्याची सवय कचेऱ्यांनीही सोडायला हवी.

संध्याकाळच्या वर्गातील एखादी गृहिणी बँकेच्या खिडकीशी उभी राहते आणि आयुष्यात प्रथमच इंग्रजीत एक वाक्य बोलते. त्यात एखादे उपपद गळलेले असते, क्रियापदही कदाचित चुकलेले असते. पण तिला हवा तो अर्ज मिळतो, आणि तो ती स्वतःच्या हाताने भरते. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन ती शिक्षकांना आपणहून विचारते, “सर, मी असं म्हटलं, ते बरोबर होतं का?” तिचे ते वाक्य सुधारण्याची वेळ आता आलेली असते.