रिकाम्या चौकटीचा अर्थ

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या भानगडीत पडू नये, ते काम वाणिज्य आणि विज्ञान शाखेच्या मुलांचे, असे आपल्याकडे अजूनही मानले जाते. मला हे मत मान्य नाही. उद्या आपल्यापैकी अनेकांना पोटासाठी कुठल्या ना कुठल्या कार्यालयात बसावे लागणार आहे. तेथे एका बाजूला एक्सेलचा तक्ता असतो आणि दुसऱ्या बाजूला ई-मेलचे फोल्डर. तक्त्यात ज्यांची नावे आहेत, त्यांची पत्रे त्या फोल्डरांतून हुडकून काढणे हे आजच्या कारकुनाचे काम आहे.

हाताने करायचे तर ३०० नावांसाठी ३०० वेळा शोध घ्यावा लागतो. म्हणून मॅक्रो लिहितात. मॅक्रो म्हणजे यंत्राला ओळीने दिलेल्या सूचना. एक्सेलमध्ये त्यासाठी १९९३ पासून व्हीबीए नावाची भाषा आहे आणि विंडोजवरच्या जुन्या, म्हणजे क्लासिक आउटलुकला तिच्यातून आज्ञा देता येतात. सूचना साध्या असतात : पहिल्या चौकटीतले नाव घे, इनबॉक्समध्ये जा, प्रत्येक पत्राचा विषय आणि पाठवणाऱ्याचे नाव पाहा, जुळले तर तारीख शेजारच्या चौकटीत लिही, मग खालच्या नावाकडे वळ. दिवसभराचे काम चहा येईपर्यंत उरकते.

पण ज्या नावाचे पत्र जुळले नाही, त्याच्या पुढची चौकट रिकामी राहते. तिचा अर्थ काय? साहेब म्हणतात, पत्र आले नाही. मी म्हणतो, यंत्राला ते सापडले नाही, एवढेच. या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

न सापडण्याची कारणे किती तरी असतात. मॅक्रोला नुसते इनबॉक्स दाखवले, तर ते त्याच्या पोटातल्या फोल्डरांत डोकावत नाही. तेथे शिरायचे तर सूचनांनी स्वतःलाच पुन्हा हाक मारावी लागते. पंचतंत्रात गोष्टीतून गोष्ट निघते, तसे फोल्डरातून फोल्डर. दुसरे कारण आपल्या नावांचे. ‘वैशाली’ हे नाव रोमन लिपीत कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने. आपल्याला ते एकच, यंत्राला दोन. आणि मराठी शब्द थेट मॅक्रोत लिहू गेले, तर त्या खिडकीत देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे उमटतात. तोच शब्द तक्त्याच्या चौकटीत लिहून तेथून उचलायला सांगितले, की काम होते. पण हे कोणाला तरी माहीत असावे लागते.

सर्वांत वाईट कारण एका ओळीचे आहे. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ अशी ती ओळ. चूक झाली तरी थांबू नकोस, पुढे चल, असा तिचा अर्थ. इनबॉक्समध्ये पत्रांबरोबर सभांची निमंत्रणेही असतात; फक्त पत्रांसाठी लिहिलेले मॅक्रो तेथे अडते. कंटाळलेला माणूस ही ओळ घालून मोकळा होतो. मग यंत्र चुका गिळत राहते आणि तक्ता मात्र स्वच्छ दिसतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तालुक्याच्या गावी एका कार्यालयात हंगामी काम केले. एक बाई मुलीच्या अर्जाची छापील प्रत घेऊन आल्या. तक्त्यात मुलीची चौकट रिकामी होती. ‘अर्ज आलाच नाही,’ असे त्यांना सांगण्यात आले. त्या मला म्हणाल्या, “बाळा, पोरीनं माझ्यासमोर पाठवला की रे!” दुपारी तो अर्ज इनबॉक्सखालच्या एका फोल्डरात निघाला. त्या बाई परत गेल्या असत्या, तर एका मुलीचे वर्ष गेले असते.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. घरचे सारे कागद पत्र्याच्या पेटीत असतात. एखादी पावती मिळाली नाही, तर आई ‘सापडत नाही’ म्हणते. ‘नाहीच’ असे कधी म्हणत नाही. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईला कळणारा हा फरक कार्यालयाला का कळू नये?

कोणी म्हणेल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता मॅक्रोही लिहून देते, मग शिकायचे कशाला? लिहून देते, हे खरे. पण कोणता फोल्डर पाहायचा राहिला, नाव आणखी कसे लिहिले गेले असेल, हे तिला विचारणार कोण? त्यासाठी भाषा जाणणारा आणि माणसे जाणणारा मनुष्यच हवा. पुरावा सापडला नाही म्हणून घटना घडली नाही असे ठरत नाही, हे आपल्याला इतिहासाच्या तासाला शिकवतात. हेच सूत्र तक्त्याला लावायचे. ‘सापडले’ आणि ‘सापडले नाही’ यांच्या जोडीला ‘पाहता आले नाही’ असे तिसरे उत्तर मॅक्रोने लिहिले पाहिजे, आणि कोणते फोल्डर पाहिले त्यांची नावेही.

म्हणून प्राध्यापकांना माझी विनंती आहे, की कलाशाखेसाठी आठवड्यातून एक तास संगणक कक्ष उघडा ठेवावा. आणि मित्रांनो, तो उघडला तर आपण रिकामा ठेवू नये. उद्या कोणाच्या तरी नावापुढची चौकट आपल्याच हाती असणार आहे.