मातीमोल

एखाद्या वस्तूची किंमत अगदीच उतरली की ती 'मातीमोल झाली' असे आपण म्हणतो. हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम केला त्याने स्वतः बाग कधी लावली नसावी. बाग लावून देणाऱ्याला विचारावे, तर तो सांगेल की सर्वांत कष्टाचे आणि पुष्कळदा सर्वांत खर्चाचे काम मातीचेच असते. आणि गिऱ्हाईक पैसे देताना सर्वांत अधिक कुरकुरते तेही मातीपाशीच.

आमचा एक माजी विद्यार्थी येथे इंदुरात बागा लावून देण्याचा लहानसा व्यवसाय करतो. बंगल्यापुढची हिरवळ, गच्चीवरील कुंड्या, सोसायटीच्या भिंतीलगतची झाडे अशी कामे तो घेतो. हाताखाली चार माणसे आणि एक जुना टेम्पो एवढाच त्याचा पसारा. रोपाला कीड लागली तर काय करावे हे त्याला उत्तम ठाऊक आहे. परंतु गिऱ्हाईक दरावर अडून बसले तर काय करावे, हे त्याला कोणी शिकविलेले नाही. मध्यंतरी त्याने हा प्रश्न आमच्यापुढे ठेवला. आम्ही पडलो शाळामास्तर. व्यापार हा काही आमचा विषय नव्हे. परंतु त्याची हिशेबाची वही चाळताना आमच्या ध्यानात आले की, हा प्रश्न थोडा अंकगणिताचा आहे, थोडा भाषेचा आहे आणि थोडा आपल्या समाजाचाही आहे. एवढ्यापुरता तरी तो आमच्या अधिकारात येतो.

प्रथम माती घेऊ. माळव्याची काळी माती गव्हाला आणि कापसाला मानवते. हिरवळीला ती आहे तशी मानवत नाही. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पावसाळ्यात ती फुगून चिकट होते आणि पाण्याचा निचरा खुंटतो. त्यातून नव्या घराभोवती विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळे पुरलेली असतात ती निराळीच. म्हणून जाणता माणूस आधी खणतो, डबर वेचून काढतो, पाण्याला उतार देतो, मातीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळतो, आणि सरतेशेवटी हिरवळ लावतो. गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडते ते हे शेवटचे काम. आधीची सारी मेहनत जमिनीच्या पोटात जाते.

आता अंकगणित. वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब अंगणाचे क्षेत्रफळ ६०० चौरस फूट. त्यावर सहा इंच तयार मातीचा थर द्यावयाचा तर ३०० घनफूट माती लागेल. गिऱ्हाइकाने दर ओढून ताणून खाली आणला आणि ठेकेदाराने मुकाट्याने थर तीन इंचांवर आणला, तर १५० घनफुटांत काम भागते. वरून पाहणाऱ्याला दोन्ही हिरवळी पहिल्या दिवशी सारख्याच हिरव्या दिसतात. फरक कळतो तो वैशाखात, जेव्हा मुळांना खाली जायला जागा उरत नाही. तेव्हा घरधनी म्हणतो, 'माळ्याने फसविले.' माळी मनात म्हणतो, 'जेवढे पैसे, तेवढी माती.' दोघांचेही थोडे खरे असते, आणि बाग मात्र जळून गेलेली असते.

दुसरा हिशेब याहूनही महत्त्वाचा आहे. समजा, काम ४०,००० रुपयांना ठरले. रोपे, माती, खत, मजुरी आणि वाहतूक मिळून ३२,००० रुपये गेले. हाती उरले ८,०००. गिऱ्हाईक म्हणते, 'शेकडा दहाच तर कमी करा!' शेकडा दहा म्हणजे ४,००० रुपये. गिऱ्हाइकाच्या लेखी ही दहावा भाग सूट आहे. करणाराच्या लेखी अर्धी कमाई आहे. शेकडा वीस सोडले की उरले शून्य. हे गणित आम्ही त्या तरुणाला मांडून दाखविले, तेव्हा तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. वर्षभर कामे पुष्कळ झाली आणि तरी टेम्पोचा हप्ता का थकला, याचे उत्तर त्याच पानावर होते.

मातीच्या बाबतीत तर आपल्या या शहराने जगाला धडा दिला आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पती-संशोधन संस्थेचे प्रमुख होते. पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची जी रीत त्यांनी सिद्ध केली, ती 'इंदूर पद्धत' या नावाने जगभर गेली. तिची माहिती देणाऱ्या १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. हे सांगण्याचे कारण एवढेच की, खत व्हायला लागणारे ते तीन महिने कोणी घासाघीस करून दोनवर आणू शकत नाही. मातीला भाव कळत नाही. तिला वेळ आणि खाद्य कळते.

आता घासाघीस करणारांविषयी. या वहीत आम्हांस त्यांचे चार प्रकार आढळले. पहिला प्रकार तुलना करणाराचा. 'रोपवाटिकेत जास्वंदीचे रोप अमुक रुपयांना मिळते, तुम्ही दुप्पट कसे लावता?' त्याच्या हिशेबात खड्डा, खत, आणणावळ आणि मेलेले रोप बदलून देण्याची हमी नसते. दुसरा प्रकार आशा दाखविणाराचा. 'आत्ता कमी घ्या, पुढे सगळ्या कॉलनीची कामे मिळवून देतो.' ती कॉलनी सहसा येत नाही. आली तर तोच कमी दर विचारीत येते. तिसरा, काम संपल्यावर हात आखडणारा. सारे झाले की याला कडेच्या विटा वाकड्या दिसू लागतात आणि शेवटची रक्कम अडकते.

चौथा प्रकार खास आपल्या घरांतील आहे, आणि तो लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळते. 'अरे, तू आपल्यातलाच. आपल्या माणसाकडून का कोणी पुरते पैसे घेतो?' मग चहा होतो, गावाची आणि आडनावाची चौकशी होते, दूरचे नाते निघते, आणि दर खाली येतो. परक्या ठेकेदाराला जे पैसे बिनबोभाट दिले असते, ते आपल्या मुलाला देताना आपल्याला नाते आठवते. पिढ्यान्पिढ्या मुलुखापासून दूर राहिलेल्या आपल्या समाजाने नोकरी हीच प्रतिष्ठा मानली. एखादा मुलगा धीर करून व्यवसायात उतरला, तर त्याच्या उमेदीला पहिली कात्री आपल्याच ओसरीवर लागावी, हे आम्हांस बरे वाटत नाही.

तरीही घासाघीस करणारा प्रत्येक मनुष्य दुष्ट नसतो. निवृत्तिवेतनावर घर चालविणाऱ्या गृहस्थाला चाळीस हजार ही लहान रक्कम नव्हे. कोणाला मागे एखाद्याने रोपे लावून तोंड न दाखविल्याचा अनुभव आलेला असतो. त्याला माहीत नसते म्हणून तो शंका घेतो, आणि शंका विचारायला दुसरा शब्द सुचत नाही म्हणून तो दर पाडून मागतो. म्हणून आम्ही त्या तरुणाला प्रथम हेच सांगितले की, रागावू नकोस; समजावून दे.

समजावण्याची रीत अशी. अंदाजपत्रक एका ओळीत देऊ नये. खोदाई, डबर काढणे, माती व खत, रोपे, लावणी, नंतरची देखभाल अशा बाबी पाडून प्रत्येकीचा आकडा वेगळा लिहावा. गिऱ्हाईक 'फार होतात' म्हणाले की दर कमी करू नये, काम कमी करावे. शांतपणे म्हणावे, 'काका, दर मला खाली आणता येणार नाही. पण हिरवळ निम्म्या अंगणात करू, उरलेल्या जागी पुढच्या वर्षी पाहू. किंवा मोठी रोपे न आणता लहान आणू. दोन पावसाळे थांबावे लागेल एवढेच.' यात दोघांचाही मान राहतो, आणि बाग लहान झाली तरी खोटी होत नाही. मातीचा थर घातल्यावर काकांना बोलावून, हातात पट्टी देऊन, सहा इंच मोजून दाखवावेत. जे जमिनीत जायचे ते डोळ्यांना दिसले की पैसे देणारा हात सैल होतो.

पैशांचे टप्पे आधीच ठरवावेत: काही विसार, काही माती पडल्यावर, उरलेले लावणीनंतर. वाढीव काम निघाले तर ते त्याच दिवशी कागदावर चढवावे आणि गिऱ्हाइकाची सही घ्यावी. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. परंतु तो सिद्ध करायची वेळ आली की जिभेपेक्षा कागद बरा. सोसायट्यांची व संस्थांची देखभालीची कामे असतील तर आपल्या व्यवसायाची 'उद्यम' नोंदणी करून ठेवावी. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे देण्यास लेखी करारानेही ४५ दिवसांहून अधिक मुदत घालता येत नाही, आणि उशीर झाल्यास व्याज द्यावे लागते, अशी २००६ च्या कायद्यात तरतूद आहे. हा कायदा कोणाच्या अंगावर टाकावयाचा नाही. बिलाच्या तळाशी एक ओळ लिहिली तरी पुरते.

आणि एवढे करूनही गिऱ्हाईक हटूनच बसले, तर 'नाही' म्हणावे. 'या दरात चांगले काम माझ्याने होणार नाही, आणि वाईट काम मी आपल्याकडे करू इच्छीत नाही' हे वाक्य आम्ही त्याच्याकडून अक्षरशः पाठ करून घेतले. पावसाळ्यापूर्वीचे दिवस मोजके असतात. तोट्याच्या एका कामात ते घालविले, तर सचोटीचे दुसरे काम हातचे जाते.

वाचकहो, आतापर्यंत उपदेश त्या तरुणाला झाला. आता थोडा आपल्याला. बाग लावून घेताना प्रश्न जरूर विचारा. माती किती इंच घालणार? खत कुजलेले आहे ना? रोप मेले तर किती दिवसांत बदलून मिळेल? हे विचारणे आपला हक्कच आहे, आणि चांगला माणूस त्याने सुखावतो. दोन-तीन ठिकाणची अंदाजपत्रके घ्या, पण आकड्याशी आकडा न ताडता बाबीशी बाब ताडून पाहा. परवडत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा आणि काम लहान करून घ्या. ठरलेले पैसे ठरलेल्या दिवशी द्या. सायंकाळी त्याच्या चार माणसांची मजुरी त्यातूनच जायची असते. आणि तो आपल्यातला निघाला, तर दोन रुपये कमी देण्याऐवजी त्याचे पैसे दोन दिवस आधी द्या. नाते सांगायचे ते असे सांगावे.