संमतिपत्राची मराठी

मराठीच्या अध्यापकांनी औषधांच्या चाचण्यांविषयी मत द्यावे, हे काहींना अनधिकार चर्चा वाटेल. आमचे म्हणणे असे की, माणसावरील औषधचाचणीचा आरंभ आज एका संहितेने होतो. ती संहिता म्हणजे रुग्णाच्या हाती दिले जाणारे माहितीपत्रक आणि त्याखालचे संमतिपत्र. ती रुग्णाला कळणाऱ्या भाषेत नसेल, तर खालची सही ही संमती नव्हे. ती नुसती सही. एखादा शब्द कोणत्या वाचकाला काय सांगतो हे पाहणे, हे तर आमचेच काम आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. म्हणून फुप्फुसाच्या क्षयाच्या निमित्ताने हा प्रश्न आम्ही मांडत आहोत.

आधुनिक औषधचाचणीचा नमुना म्हणून ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा उल्लेख नेहमी होतो. तिचे निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध झाले. औषध अपुरे होते, म्हणून ते कोणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता बंद लिफाफ्यांतील चिठ्ठ्यांनी ठरवले गेले. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती मिळाली, ५२ जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. या आकड्यांनी वैद्यकाची दिशा बदलली. मात्र ज्यांच्या वाट्याला केवळ विश्रांती आली, त्या ५२ जणांना आपण एका चाचणीचा भाग आहोत हे रुग्णालयात असेपर्यंत ठाऊक नव्हते. त्यांच्याशी त्याविषयी कोणी बोललेच नव्हते. आजचे संमतिपत्र हे अशाच मौनाला दिलेले उत्तर आहे.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आहे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारासाठी एक केंद्र सुरू झाले. तेथे गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला सॅनिटोरियममध्ये आणि दुसऱ्याला घरी ठेवून वर्षभर सारखीच औषधे देण्यात आली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी, अपुऱ्या आहारावर आणि दाटीवाटीत राहूनही रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले; घरच्या माणसांना त्यामुळे अधिक लागण झाली असेही आढळले नाही. घरदार सोडून सॅनिटोरियममध्ये महिनोन् महिने काढण्याची गरज त्यामुळे जगभर ओसरत गेली. आज क्षयाचा रुग्ण घरी राहून गोळ्या घेतो, त्यामागे त्या १९३ जणांचे देणे आहे. म्हणूनच 'गरिबांवर प्रयोग नकोतच' ही सरसकट भूमिका आम्हांस मान्य नाही. चाचणीत भाग घेणे ही समाजाला दिलेली देणगी आहे. पण देणाऱ्याला आपण काय देतो आहोत हे माहीत असेल, तरच तिला देणगी म्हणता येईल.

देणगीची किंमतही मोठी असू शकते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील तीन औषधांची एक चाचणी दक्षिण आफ्रिकेत झाली आणि २०२० साली तिचे निष्कर्ष आले. १०९ रुग्णांपैकी ९० टक्क्यांना गुण आला. परंतु ८१ टक्क्यांना हातापायांच्या मज्जातंतूंचा त्रास झाला. पुढच्या चाचणीत त्यांतील लिनेझोलिडची मात्रा निम्मी केली, तेव्हा गुण जवळजवळ तेवढाच आला आणि त्रास बराच घटला. पहिल्यांनी सोसले, म्हणून पुढच्यांचे सोसणे कमी झाले. संमतिपत्रात नेमके हेच स्पष्ट लिहिलेले असायला हवे.

प्रत्यक्षात काय होते? 'चाचणी' हाच शब्द घ्या. रुग्णालयात चाचणी म्हणजे रक्ताची, बेडक्याची. 'तुम्ही चाचणीत भाग घेत आहात' असे म्हटले की, आपला रोग तपासला जाणार आहे, असे रुग्णाला वाटते. तपासले जाणार आहे ते औषध, हे त्या शब्दातून कळत नाही. 'अभ्यास' म्हटले तर शाळा आठवते, आणि 'प्रयोग' म्हटले तर माणूस दचकतो. 'थुंकीचा नमुना' मागितला की रुग्ण खरोखरच तोंडातली थुंकी देतो; हवा असतो तो खोकून काढलेला बेडका. आणि 'आपणांस यादृच्छिक पद्धतीने एका गटात नियुक्त करण्यात येईल' या धाटणीचे वाक्य तर आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यालाही अडखळवील. तेच असे सांगता येते : 'तुम्हाला नवे औषध मिळेल की जुने, हे डॉक्टर ठरवणार नाहीत. चिठ्ठ्या टाकून ठरवावे तसे ते ठरेल.' यात शास्त्राचे काहीही उणे होत नाही.

इतके उघड सांगितले तर लोक नकार देतील, असा आक्षेप येईल. देतील, तो त्यांचा अधिकार आहे. 'डॉक्टर म्हणतील तसे' म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणण्याचीही मुभा आहे, हे त्याच्या बोलीत सांगणे हाच संमतीचा गाभा.

यात मराठीच्या अध्यापकांना करण्यासारखे काही आहे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांत वैद्यकाबाहेरची एक सामान्य व्यक्ती असणे बंधनकारक आहे, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. ती व्यक्ती भाषेचा अध्यापक का असू नये? आपल्या पदव्युत्तर वर्गांत भाषांतरमीमांसा शिकवली जाते; तिथे कवितेच्या जोडीला एक संमतिपत्रही वाचायला ठेवावे. कवितेच्या भाषांतरात चूक झाली तर रसहानी होते. इथे चूक झाली, तर कोणी तरी न समजता आपले शरीर देऊन बसतो.