शिखराचा बेत: आधी दिवस मोजा

हिमालयातलं एखादं शिखर चढायचं मनात आहे? मग नेपाळमधल्या मेरा शिखराचा विचार करा. उंची ६,४७६ मीटर. चढण फार बिकट नाही. पण बर्फावर दोर, क्रॅम्पॉन लागतात, तेव्हा जाणता वाटाड्या हवाच.

मैत्रिणींनो, दर विचारण्याआधी दिवस विचारा. विरळ हवेची सवय शरीराला हळूहळूच होते. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून अधिक उंचावर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा हवा. दिवस कापून स्वस्त केलेली मोहीम म्हणजे वाफ येण्याआधीच उतरवलेला भात! लुक्लाचं विमान ढगांमुळे अडतं, त्यासाठी दोन-तीन दिवस राखून ठेवा. विमा ६,००० मीटरच्या वरही चालतो ना, हेलिकॉप्टरचा खर्च देतो ना, हे स्वतः वाचून घ्या.

डोकं दुखून मळमळू लागलं तर वर चढू नका. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच खाली उतरा, सोबत घेऊन. ‘एवढे पैसे भरलेत’ हा हिशेब तिथे करायचा नाही, बरं का! शिखर पुढच्या वर्षीही तिथंच असतं.