निवड कोणाची? संततिनियमनाच्या इतिहासातील एक सोयीस्कर विस्मरण

१/ र. धों. कर्वे यांचे नाव निघाले की ‘लोकसंख्या नियंत्रणाचे आद्य प्रवर्तक’ ही पदवी ठरलेलीच. मित्रहो, हा त्यांच्या विचाराचा विपर्यास आहे. स्त्रीला निवडीचा अधिकार देणे वेगळे आणि देशाची डोकी मोजणे वेगळे. आपण दुसरे केले आणि नाव कर्व्यांचे घेतले.

२/ १९२१ साली मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये संततिनियमन केंद्र उघडले. त्याच वर्षी कर्व्यांनी मुंबईत. गणिताच्या या प्राध्यापकाला त्यापायी विल्सन महाविद्यालयातील नोकरी गमवावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली त्यांचे वकीलपत्र घेतले ते बाबासाहेब आंबेडकरांनी.

३/ कर्व्यांचे म्हणणे काय होते? मूल हवे की नको, हे स्त्रीने ठरवावे. कामसुख तिचाही हक्क आहे. साधनांची माहिती तिला उघडपणे मिळावी, निर्णय तिचा.

४/ डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या. गांधीजींनी कृत्रिम साधने नाकारली. संयम पाळावा, पत्नीने पतीला नकार द्यायला शिकावे, असे सांगितले. उपदेश थोर खरा. पण जिच्या नकाराला घरात किंमतच नाही, तिने काय करावे?

५/ १९५२ मध्ये सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम आला. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीवादी. म्हणून आरंभीचा भर ‘सुरक्षित काळा’वर. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांच्या हाती रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. पाळी अनियमित असेल तर ही मोजणी फसते, आणि पतीची संमती येथेही लागतेच.

६/ १९६५ पासून ‘लूप’चा काळ. किती बसवले याची उद्दिष्टे ठरली; रक्तस्राव आणि वेदनांच्या तक्रारींची दखल मात्र अपुरी राहिली. लूप बदनाम झाला. साधनापेक्षा ते राबवणाऱ्यांचा दोष मोठा होता.

७/ आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुतांश पुरुषांवर. १९७७ मध्ये सत्ता गेली. राज्यकर्त्यांनी धडा घेतला तो एवढाच, की पुरुषाला हात लावू नये. ओझे स्त्रीकडे सरकले.

८/ ते आजही तेथेच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांच्या बाबतीत गर्भनिरोधनाचा मार्ग म्हणजे त्यांची स्वतःची नसबंदी. पतीची नसबंदी अवघी ०.३ टक्के. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. तिच्यात पोट उघडावे लागत नाही.

९/ ‘बायकांनाच ऑपरेशन हवे असते,’ असे यावर उत्तर मिळते. काहींना हवेच असते, आणि तो त्यांचा अधिकार आहे. परंतु अंगावर पाजणाऱ्या मातेची गरज वेगळी, दोन मुलांत अंतर हवे असणारीची वेगळी. गोळी, कॉपर-टी, इंजेक्शन, निरोध यांचे गुणदोष समोर न मांडता घेतलेल्या होकाराला निवड कसे म्हणावे?

१०/ नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. दहाहून अधिक जणी दगावल्या. अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करा, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये सांगावे लागले.

११/ म्हणून कर्व्यांना अभिवादन करताना लोकसंख्येचे आकडे मिरवू नका. आपल्याच घरातील स्त्रियांना एवढेच विचारा : ‘तुला किती साधनांची माहिती दिली होती, आणि ठरवले कोणी?’ त्यांच्या उत्तरांत हा शंभर वर्षांचा इतिहास सापडेल.