पायी चालण्याची लाज कशाला?

कोराडीच्या वस्तीत धडधाकट माणूस पायी जाताना दिसला की कुणीतरी विचारतेच, "काय भाऊ, गाडी बंद पडली का?" विचारणारा आपुलकीनेच विचारतो. पण गाडी असूनही माणूस पायी जाऊ शकतो, हे आता आपल्याला सुचेनासेच झाले आहे.

त्याला कारण आहे. आपल्या आजोबा-पणजोबांचे चालणे हौसेचे नव्हते. वेसकरकी करणे, सांगावा घेऊन गावोगाव जाणे, मयताची खबर पोचवणे ही कामे पायांवरच होत आणि त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते या राबणुकीला आळा बसावा म्हणून. आपल्या नागपूरकडे कामांची नावे थोडी वेगळी असतील, पायपीट तीच. मग शिक्षण आले, नोकरी आली, आधी सायकल, मग लुना, मग मोटारसायकल आली. ज्यांच्या तीन पिढ्या दुसऱ्याच्या हुकमाने चालल्या त्यांच्या दारात गाडी उभी राहिली. ती मानाची गोष्ट आहे आणि ती सोडा असे आम्ही कधीही म्हणणार नाही.

पण शरीराला हा इतिहास कळत नाही. खाणे तेवढेच राहिले किंवा वाढले आणि चालणे गेले, की ते पोटावर दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आढळले. त्याच पाहणीत कमरेचा घेर मोजला तर सुमारे ४० टक्के स्त्रियांचे पोट सुटलेले निघाले, पुरुषांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के. वजनकाट्यावर जवळजवळ बरोबरी आणि पोटाच्या घेरात एवढी तफावत! पोटाची ही चरबी साखर, रक्तदाब आणि हृदयविकार घेऊन येते. स्त्रीची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर सावध व्हावे. शिवणकामाची टेप घरोघरी असते, आज मोजून पाहा.

बाई मागे का पडते? २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १११ देशांतल्या सात लाखांहून अधिक लोकांची पावले त्यांच्या मोबाइलवरून मोजली. भारताची सरासरी दिवसाला ४,२९७ पावले निघाली आणि आपल्या स्त्रियांची पुरुषांपेक्षा सुमारे नऊशेने कमी. (स्मार्टफोनवाल्यांचीच ही मोजणी, शेतात निंदणाऱ्या बाईची पावले तीत कुठून येणार!) त्यातून निघालेली मुख्य गोष्ट अशी की, ज्या देशात काही जण भरपूर चालतात आणि काही जण जवळजवळ चालतच नाहीत, तिथे लठ्ठपणा जास्त आहे. अशी दरी असलेल्या देशांत स्त्रियांचे चालणे अधिक घटलेले दिसते. अमेरिकेतल्या ज्या शहरांत पायी फिरणे सोयीचे आहे तिथे ही दरी कमी भरली.

म्हणून बायकांना आळशी म्हणणाऱ्यांशी आमचे भांडण आहे. कोराडीत बाईने चालावे कुठे? सावनेर रस्त्यावर कोळशाचे आणि राखेचे ट्रक. आत वळावे तर अंधार, कुत्री आणि टवाळ पोरे. सकाळी डबे, संध्याकाळी स्वयंपाक. घरातला माणूस विद्युत केंद्रात पाळीवर असेल तर जेवणाच्या वेळाही त्याच्या पाळीप्रमाणे फिरतात. दिवसभर ती उभी असते, राबते, थकते, पण सलग अर्धा तास झपाझप चालणे तिच्या वाट्याला येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग असावा. सलग जमत नसेल तर जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला, साखरेला त्याचा फायदा होतो. मात्र नुसत्या चालण्याने वजन भराभर उतरेल ही आशा ठेवू नका. अर्ध्या तासात जेवढे जळते ते तर्री-पोह्याची एक प्लेट सहज भरून काढते.

आपल्या भागासाठी तीन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत परत या. ज्या दिवशी राख उडते किंवा थंडीत धुरकट हवा जमिनीलगत बसते, त्या दिवशी रस्त्यावर न जाता घरात किंवा विहाराच्या सभागृहात चाला, दमेकऱ्यांनी तर नक्कीच. तिसरी सर्वांत महत्त्वाची: विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. अशा रुग्णाने चालावे, पण डॉक्टरांना विचारून, पाण्याची बाटली सोबत घेऊन आणि दम लागण्याआधी थांबून. त्याला "अजून दोन फेऱ्या मार" असा आग्रह करू नये.

चालणे आपल्या परंपरेला परके नाही. भगवान बुद्धांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितल्याचे अंगुत्तर निकायात आहे: प्रवासाचे बळ येते, परिश्रमाची ताकद राहते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता बराच काळ टिकते. बाबासाहेबांना मात्र आपल्या कामाने ही उसंत दिली नाही. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शेवटच्या वर्षांत ते जेरीस आले होते आणि ६५व्या वर्षी ते गेले. मधुमेहाची कारणे अनेक असतात, पण तो घरात शिरण्याआधी त्याला अडवण्याची जी साधने आज आपल्याला ठाऊक आहेत ती वापरायला काय हरकत आहे?

आमची मागणी साधी आहे. विहार समित्यांनी पहाटे साडेपाच ते सात आणि रात्री जेवणानंतर तासभर विहाराचे आवार फक्त स्त्रियांच्या चालण्यासाठी उघडे ठेवावे आणि दिवे चालू ठेवावेत. आवार लहान असेल तर गोल फेऱ्या माराव्यात, भिक्खूंचे चंक्रमणही तेवढ्याच जागेत होते. तेवढा वेळ घरातल्या पुरुषांनी गॅसजवळ उभे राहावे. आणि स्थानिक प्रशासनाकडे पदपथ, वस्तीतल्या रस्त्यांवर दिवे आणि ट्रकांच्या वेळांवर बंधन मागणारे निवेदन द्यावे. त्यावर पहिल्या सह्या बायकांच्या असाव्यात.